चुलीवेगळे सहा दिवस

ज्या जलमार्गावर ताशीं आठ किलोमीटरांहून अधिक वेगानें नाव हांकण्यास मनाई आहे, त्या मार्गानें जाण्यासाठीं लोक माणशीं हजारों युरो मोजतात, असें मला चाळीस वर्षांपूर्वीं कोणी सांगितलें असतें, तर तें थट्टेवारी न्यावें असेंच मला वाटलें असतें. फ्रान्सच्या दक्षिण भागांतील ‘कनाल द्यू मिदी’ या सुप्रसिद्ध कालव्यावर मात्र हा व्यवहार नित्य चाललेला आहे. एके काळीं धान्य, कोळसा आणि मद्याचीं पिंपें वाहणारे सपाट बुडाचे लांबट पडाव आतां आंतून पार बदलून टाकलेले असून, जेथें पोतीं रचलीं जात तेथें गुबगुबीत पलंग, स्नानगृहें आणि भोजनाचें दालन अशी व्यवस्था असते. पाहुणे फार तर आठ-दहा; त्यांच्या दिमतीस तांडेल, आचारी, खलाशी आणि वाढपी मिळून चार-पांच माणसें!

असल्या पडावावर सहा दिवस घालविण्याचा योग मला व माझ्या थोरल्या जाऊबाईंना आला तो त्यांच्या मुलामुळें. तो तुलूझ येथें विमानांच्या कारखान्यांत अभियंता आहे. “काकू, आई आणि तुम्ही जन्मभर अकरा माणसांचीं ताटें वाढलींत, एकदां तुमचें ताट दुसऱ्या कोणाला वाढूं द्या,” असें म्हणून त्यानें आम्हांला बोलावून घेतलें, आणि दुभाषाचें काम करण्यासाठीं आपल्या बायकोला आमच्याबरोबर दिलें. जाऊबाईंचें वय बाहत्तर, माझें सहासष्ट. सप्टेंबरचा महिना असल्यामुळें दोन्ही तीरांवरील मळ्यांत द्राक्षांची तोडणी चालू होती.

हा कालवा कांहीं सहलीसाठीं खणलेला नव्हे. ज्या १६६६ सालीं शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले, त्याच सालच्या ऑक्टोबरांत चौदाव्या लुईनें या कामाचें आज्ञापत्र काढलें. अटलांटिकास मिळणारी गारोन नदी आणि भूमध्य समुद्र यांची सांगड घालून, स्पेनला वळसा घालण्याचा लांबचा व धोक्याचा प्रवास टाळावा, हा हेतु. काम अंगावर घेणारा प्येर-पोल रिके हा मिठाच्या कराचा मक्तेदार. स्थापत्याचें रीतसर शिक्षण त्याला नव्हतें, आणि वय साठीकडे झुकलेलें. दोन्ही बाजूंच्या उतारांमधील माथ्यावर पाणी आणावयाचें कोठून, हा खरा प्रश्न होता. ‘काळा डोंगर’ या नांवाच्या पर्वतावरील ओढे वळवून आणि सां-फेरेओल येथें मोठें धरण बांधून त्यानें तो सोडविला. सुमारें २४० किलोमीटर लांबीच्या या कामावर एका वेळीं बारा हजारांपर्यंत मजूर राबत. त्यांत स्त्रियाहि होत्या. पावसानें काम बंद पडलें किंवा मजूर आजारी पडला, तरी रिके मजुरी देत असे. सरकारी पैसा पुरेना, तेव्हां त्यानें स्वतःची दौलत ओतली. मुलींच्या हुंड्यासाठीं ठेवलेला पैसाहि त्यांत गेला असें सांगतात. १६८० सालच्या ऑक्टोबरांत तो वारला, आणि पुढल्या वर्षींच्या मे महिन्यांत कालवा वाहतुकीस खुला झाला. त्यावरून पहिला पडाव गेलेला कांहीं त्याला पाहावयास मिळाला नाहीं. कर्ज मात्र वारसांच्या वांट्यास आलें.

आमचा प्रवास ल सोमाय या चिमुकल्या गांवापासून समुद्रालगतच्या मार्सेयाँपर्यंतचा होता. वाटेंत एक लांबलचक पट्टा असा आहे कीं, तेथें कालवा डोंगराच्या कडेकडेनें एकाच पातळीवर वळणें घेत जातो आणि पाण्यास कोठेंहि पायरी लागत नाहीं. पडाव चालला आहे हें तीरावरील झाडें मागें सरतात म्हणूनच कळावयाचें. हीं झाडें म्हणजे आपल्या काश्मिरी चिनाराचेच भाऊबंद. दुतर्फा त्यांची कमान आणि खालीं हिरवट पाणी, असें चित्र छायाचित्रांतून सर्वांना ठाऊक आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं तीर अगदीं उघडा पडलेला दिसला. एका बुरशीनें हीं झाडें मरूं लागल्याचें २००६ सालीं येथें आढळलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेहून आलेल्या दारूगोळ्याच्या लांकडी पेट्यांतून ती बुरशी या देशांत शिरली असें मानतात. रोगट झाड तोडून जाळावें लागतें. त्यांच्या जागीं लावलेलीं दुसऱ्या जातींचीं रोपें पुरुषभर उंचीचीं होतीं. त्यांची सांवली पडेल ती आमच्या नातवंडांच्या डोक्यावर.

पहिल्या दिवशीं जाऊबाईंचा जीव कशांतहि लागेना. पन्नास वर्षांची पहांटे पांचला उठण्याची संवय. उठून करावयाचें काय? खोलींतील अंथरूण त्यांनीं स्वतःच आवरलें, तर वाढपी मुलगी येऊन तें पुन्हां उलगडून आपल्या पद्धतीनें घालून गेली. जेवणाच्या वेळीं त्या सारख्या उठूं पाहत. आम्ही शाकाहारी असल्याचें आधींच कळविलेलें होतें, त्यामुळें भाजलेलीं वांगीं, टोमॅटो, शेळीच्या दुधाचें चीज, ताजीं अंजिरें असे पदार्थ एकामागून एक समोर येत. ते रुचकर होते यांत शंका नाहीं. परंतु वाढणारी उभी आणि आपण बसलेल्या, हेंच त्यांच्या घशाखालीं उतरेना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराशीं जाऊन उभ्या राहिल्या. आचारीण तिशीची एक हंसतमुख मुलगी होती. तिनें आधीं मान हालविली. मग जाऊबाईंचा चेहरा पाहून फरसबीनें भरलेलें एक भांडें त्यांच्यापुढें सरकविलें. फरसबी या नांवांतच फ्रान्स दडलेला आहे हें त्यांना तोंवर ठाऊक नव्हतें. परंतु शेंगेचा दोर कसा काढावा हें त्या दोघींनाहि ठाऊक होतें. अर्धा तास दोघी शेजारीं बसून शेंगा मोडीत होत्या. एकीला मराठी येत होतें, दुसरीला फ्रेंच. तरी बोलणें थांबलें नाहीं.

तेथेंच भिंतीवर एक कागद डकविलेला जाऊबाईंच्या नजरेस पडला. “हें काय गं?” त्यांनीं सूनबाईला विचारलें. पडावावरील प्रत्येकाच्या कामाच्या व विश्रांतीच्या वेळा त्यावर लिहिल्या आहेत, असें तिनें सांगितलें. दुपारीं तीन ते सहा आचारिणीची सुटी. त्या वेळांत तिला कोणींहि कांहीं मागावयाचें नाहीं, प्रत्यक्ष तांडेलानेंसुद्धां नाहीं. जाऊबाई त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि मला म्हणाल्या, “आपल्याकडे कोणी कोणाला बसूं नको असें कधीं म्हटलें नाहीं हो. सासूबाई किती वेळां म्हणत, ‘बैस गं जरा.’ पण कधीं बसायचें, तें कुठें लिहिलेलं नव्हतं.”

तिसऱ्या दिवशीं मालपासचा बोगदा आला. सुमारें १६५ मीटर लांबीचा हा बोगदा नौकांसाठीं डोंगर पोखरून केलेला जगांतील पहिला बोगदा समजला जातो. त्याच टेंकडीच्या पोटांतून, आणखी खालून, आगगाडीचा बोगदा गेलेला आहे. आणि तेराव्या शतकांत मोंतादी येथील दलदल आटविण्यासाठीं खणलेला पाण्याचा भुयारी मार्गहि तिच्यांतूनच जातो. १८५७ सालीं या भागांत आगगाडी आली, पुढल्याच वर्षीं कालव्याचा कारभार रेल्वे कंपनीच्या हातीं गेला, आणि माल हळूहळू पाण्यावरून रुळांवर व नंतर रस्त्यांवर गेला. शेवटचे मालवाहू पडाव गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत थांबले. मग त्यांचीं हीं विश्रामगृहें झालीं.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर, आपली पाळी संपवून तांडेल आमच्याजवळ येऊन बसला. तो उत्तर फ्रान्समधील पडाववाल्यांच्या घराण्यांतला. त्याच्या आजीचें सारें आयुष्य पडावाच्या मागील टोंकाच्या एवढ्याशा खोलींत गेलें. पुढचा सर्व भाग मालाचा. स्वयंपाक, मुलें, धुणें सर्व तेथेंच. उत्तरेकडील कालव्यांवर ज्यांना घोडा परवडत नसे, तीं कुटुंबें छातीवर रुंद पट्टा अडकवून तीरावरून चालत आपला पडाव स्वतः ओढीत. आणि पुष्कळदां तो पट्टा बायकामुलांच्या अंगावर असे. त्याच्या आजीनें लहानपणीं तो घातलेला होता. “तिला सुटी केव्हां मिळे?” जाऊबाईंनीं विचारविलें. तांडेल थोडा थांबून म्हणाला, “कालवा गोठला म्हणजे.”

हें उत्तर ऐकून कोणीच कांहीं बोललें नाहीं. ज्या मऊ पलंगावर आम्ही निजत होतों, त्याच्याखालीं कोणाचीं पोतीं होतीं आणि तीं कोणी ओढलीं, हें विसरून तो प्रवास पुढें करणें मला तरी शक्य नव्हतें. तरीहि तेथील सुख खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं. आचारीण तीन वाजतां तीरावरील गवतावर पुस्तक घेऊन पहुडे, तेव्हां तिला पाहून मनाला बरें वाटे. आपल्याला मिळणारा आराम दुसऱ्याचा आराम हिरावून घेतलेला नाहीं, ही खात्री असली म्हणजेच तो निर्भेळ होतो.

पुढें फोन्सेरान येथें पाण्याचा प्रसिद्ध जिना लागला. बेझिये शहराजवळ कालवा सुमारें एकवीस मीटर एकदम खालीं उतरतो. त्यासाठीं रिकेनें एकाखालीं एक अशीं आठ लंबवर्तुळाकार दगडी टांकीं बांधविलीं. पडाव वरच्या टांक्यांत शिरला कीं मागचा दरवाजा बंद होतो, पुढील दरवाजाच्या झडपा उघडून पाणी खालच्या टांक्यांत सोडतात, आणि दोहींकडील पातळी एक झाली म्हणजेच पुढचा दरवाजा उघडतो. घाई करून चालतच नाहीं. पाणी सारखें झाल्याशिवाय दरवाजा मनुष्यबळानें हालतहि नाहीं. काठावर बघ्यांची दाटी होती. जाऊबाई मात्र पडावाच्या पुढल्या भागीं खुर्चीवर स्वस्थ बसून होत्या. तो चौथा दिवस होता, आणि त्या सकाळीं अंथरूण आवरावयाचें त्या विसरल्या होत्या.

परत आल्यावर आमच्या स्वयंपाकघरांत, गॅसच्या शेगडीवरच्या भिंतीला एक कागद लागला आहे. तो सूनबाईनें पाठविला आणि वाचून दाखविला भाऊजींनीं, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनीं. त्यावर अकराहि माणसांचीं नांवें आहेत, पुरुषांचीं धरून. आणि प्रत्येकापुढें कामाची वेळ व सुटीची वेळ. भाऊजींनीं पंचाहत्तराव्या वर्षीं कुकर लावावयास शिकून घेतला. पहिल्या रविवारीं पिठल्यांत गुठळ्या झाल्या आणि जाऊबाई झोंपाळ्यावरून तीनदां उठल्या. दुसऱ्या रविवारीं त्यांनीं बसल्या जागेवरूनच “मीठ घातलंत का हो?” म्हणून विचारलें. गेल्या रविवारीं संध्याकाळीं मी पाहिलें, तर त्या डोळ्यांना चष्मा लावून वाचीत बसल्या होत्या, आणि आंत फोडणी करपल्याचा वास येत असूनहि त्यांनीं पान उलटलें.