‘मग?’ एवढंच विचारणाऱ्या बाई

चौथीत असताना माझ्या धाकट्या भावाला ‘खोटारडा’ हे नाव पडलं. गृहपाठाची वही गुरुजींच्या टेबलावर ठेवली, असं तो शपथेवर सांगे. रांगेत पुढे कोण होतं, खडूचा डबा कुठे होता, तेही सांगे. वही दप्तरातच निघे. मग शाळेत छड्या आणि घरी बाबांचा अबोला.

एडीएचडी, अवधानदोष हे शब्द तेव्हा साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणी ऐकले नव्हते. शिकवणीच्या बाईंनी मात्र त्याला नीट पाहिलं होतं. गोष्ट चालू असताना याचं लक्ष मधेच उठून जातं आणि निसटलेला भाग तो स्वतःच भरून काढतो. जे करायचं मनात आणलं, ते केलंच असं त्याला वाटतं. बाई बाबांना स्पष्ट म्हणाल्या, ‘‘तो तुम्हाला फसवत नाहीये. त्याला खरंच तसं आठवतंय.’’

‘वही हरवलीस ना?’ असं बाई कधी विचारत नसत. ‘‘शाळेत गेल्यावर काय काय झालं?’’ आणि पुढे फक्त, ‘‘मग?’’ एकच प्रश्न पुन्हा विचारत नसत. तसं विचारलं, की मुलाला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं, आणि ते दुसरं तयार करतं. ‘आठवत नाही’ या उत्तराला त्यांच्याकडे शाबासकी मिळे. वही दिली, की तिथल्या तिथे हातातल्या चिठ्ठीवर खूण करायची, ही सवयही त्यांचीच.

पुढे मी मानसशास्त्र शिकले. 1974 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. प्रश्नातलं क्रियापद जोरकस केल्यावर नसलेल्या फुटक्या काचा जास्त लोकांना ‘आठवल्या’. 1995 मध्ये रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी कॉलेजच्या मुलांना पलंग, विश्रांती, थकवा, स्वप्न असे शब्द ऐकवले. यादीत नसलेली ‘झोप’ कितीतरी जणांनी खात्रीने सांगितली. धडधाकट लक्षाच्या मोठ्यांची ही गत! लक्ष निसटणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आठवणी खोट्या नसतात, हे ठासून सांगायला हवं. पण ज्या क्षणाची मनात नोंदच अर्धी झाली, तिथे मोठ्यांचा दरडावणीचा प्रश्न सहज शिरतो. हे सगळं बाईंना पुस्तकाविना उमगलं होतं. आज समुपदेशनाला आलेल्या मुलांशी मी त्यांच्याच रीतीने बोलते.

भावाच्या लग्नात तो आधी बाईंच्या पाया पडला, मग बाबांच्या. बाबांनाही ते रास्तच वाटलं.