गोटमारीच्या गावातला गोटा

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने पांढुर्ण्याला उतरलं की माझी पहिली नजर जाम नदीकडे जाते. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. आमच्या घरात मात्र भूगोल एवढाच : नदीच्या त्या काठाला पांढुर्णा, या काठाला आपलं सावरगाव.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन पळाला, नदी ओलांडताना त्यांच्यावर दगड पडले, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. आजवर कित्येकांचा जीवही गेला आहे.

यंदा पोळ्याला घरी गेलो, तर सातवीतला पुतण्या अंगणात गोटे निवडून चुंगडीत भरत होता. बाजेवर मोठेबाबा बसले होते. त्यांच्या डाव्या भुवईवर तरुणपणातल्या गोटमारीची खूण आहे. ते नातवाला काही बोलत नव्हते. स्वतःच्या कपाळावर खूण असलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं?

मीही उपदेश केला नाही. चुंगडीतला एक गोटा उचलून त्याला विचारलं, "हा कुठून आला, माहीत आहे का?"

"नदीतून."

"आणि नदीत?"

तो गप्प. मग मी सांगायला बसलो.

आपल्याकडचा काळा पत्थर म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून तो पुन्हा पुन्हा वाहिला. पण रोज नाही वाहिला. दोन लोटांच्या मध्ये कधीकधी हजारो वर्षं शांततेत गेली. त्या काळात खोलगट जागी तळी साचली, झाडं वाढली, शंख-शिंपले, मासे, बेडूक राहू लागले. पुढचा लोट आला आणि तळ्याचा गाळ त्याच्याखाली झाकला गेला. या मधल्या गाळाला भूशास्त्रज्ञ इंटरट्रॅपियन थर म्हणतात.

"म्हणजे या गोट्यात डायनासोर?" पुतण्याचे डोळे चमकले.

"गोट्यात नाही. उकळत्या लाव्ह्यात काय टिकणार? जे असतं ते मधल्या गाळात."

या गाळाची गोष्ट आपल्या नागपूरपासून सुरू होते. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून १८४५ मध्ये नागपूरला आलेले मिशनरी. शाळा चालवता चालवता त्यांना दगडांचा नाद लागला. नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना अशा गाळात गोड्या पाण्यातल्या शंखांचे आणि झाडांचे जीवाश्म मिळाले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहिलेला लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, पूर आलेल्या नाल्यात बुडून ते गेले.

पुढे आपल्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या थरांतून दगड झालेली फळं, बिया, लाकडं मिळाली. बिरबल साहनी यांनी तिथल्या एका फळाचं वर्णन १९४३ मध्ये केलं. त्यांचे पुतणे अशोक साहनी. हे ऐकून आमचा पुतण्या जरा सरसावून बसला.

अशोक साहनी आणि त्यांचे विद्यार्थी गुंटुपल्ली प्रसाद यांनी शोधलं ते याहून बारीक. हैदराबादच्या पश्चिमेला विकाराबादकडे नसकल नावाचं गाव आहे. तिथल्या अशाच गाळात त्यांना मोहरीच्या दाण्याएवढ्या दाढा मिळाल्या. १९८८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी ते जाहीर केलं : डायनासोरांच्या शेवटच्या काळात, क्रिटेशस युगात, भारतात राहणारा पहिलावहिला ज्ञात सस्तन प्राणी. नाव ठेवलं डेक्कनोलेस्टीस हिस्लॉपी. दख्खन आणि नागपूरचे हिस्लॉप, दोघंही त्या नावात आले.

"नुसत्या दाढेवरून कसं कळलं?" पुतण्याने विचारलं. प्रश्न रास्त होता.

दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग. उंदराएवढ्या प्राण्याची हाडं चुरा होऊन जातात, दात राहतो. शिवाय सरड्या-मगरींचे दात बहुधा साधे सुळ्यासारखे असतात. सस्तन प्राण्याच्या वरच्या आणि खालच्या दाढा मात्र एकमेकींत नेमक्या बसतात, त्यांच्यावर ठरावीक उंचवटे आणि खाचा असतात. त्यावरून प्राणी कोणत्या कुळातला आणि काय खात होता, हे सांगता येतं. याच्या टोकदार दाढा किडे फोडण्याच्या कामाच्या. नसकलला घोट्याची इवलीशी हाडंही मिळाली. त्यांवरून तो झाडांवर चढत असावा, असं अभ्यासक म्हणतात.

सस्तन प्राण्यांचा उगम याहून खूप जुना, वीस कोटी वर्षांच्याही मागचा. गडचिरोलीत सिरोंच्याजवळच्या कोटा गावाचं नाव मिळालेल्या ज्युरासिक थरांतूनही असे बारके दात सापडले आहेत. पण डेक्कनोलेस्टीसच्या वेळी भारत समुद्राने वेढलेला, उत्तरेकडे सरकणारा भूभाग होता. त्याच्यासारखे दात असलेले नातलग पुढच्या काळात युरोपात आणि आफ्रिकेत दिसतात. ते इथून तिकडे गेले की तिकडून इथे आले, यावर वाद चालू आहे. २००७ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातल्या, डिंडोरी जिल्ह्यातल्या किसलपुरीच्या एका दाढेवरून खुरवाल्या प्राण्यांचा एक जुना नातलगही मांडला गेला. एवढा मोठा वाद, आणि पुरावा सगळा एका चमचाभर.

"हे दात सापडतात कसे?"

"गाळाची पोती वाहून आणायची, भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची. उरलेली रेती वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली कण कण बघायचा. महिनोन् महिने."

त्याने घरातून चहाची गाळणी आणली. आम्ही संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवर गेलो. कठड्यावरून काळा पत्थर, मग भुसभुशीत लालसर पट्टा, मग पुन्हा काळा पत्थर, असं दिसतं. तो पट्टा बहुधा तळ्याचा गाळ नसून कुजलेला लाव्हाच आहे, हे मी त्याला आधीच सांगितलं. तरी विहीर खोदताना बाहेर टाकलेली माती आम्ही दोन तास धुतली. हाती लागला एक शंख, तोही परवाच्या पावसातला. पुतण्याने तो काडेपेटीत ठेवला.

संध्याकाळी त्याने चुंगडी दाराशी आणून ठेवली. म्हणजे उद्याचा बेत कायम होता. माझ्या कोट्यवधी वर्षांच्या गोष्टीने मित्रांची हाक काही पुसली गेली नव्हती. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

सकाळी उठलो, तर चुंगडी रिकामी. गोठ्यासमोर पावसाने झालेल्या चिखलात गोटे नीट बसवलेले. मोठेबाबा हात धूत होते.

"आबाजी, माझे गोटे!"

"बैल घसरून राहिले होते बाबू," ते म्हणाले. "पाय ठेवायला झाले."

पुतण्या तासभर रुसला. मग आम्ही तिघं गच्चीवर गेलो. नदीवर आरडाओरडा सुरू झाला होता आणि एक ॲम्ब्युलन्स निघाली होती. मोठेबाबांचा हात भुवईवर गेला. ते पहिल्यांदाच बोलले, "मला लागला, तो गोटा कोणाचा होता, मला अजून माहीत नाही. ज्याने फेकला, त्यालाही माहीत नसेल."

कोणीच काही बोललं नाही. थोड्या वेळाने पुतण्याने हळूच विचारलं, "काका, उन्हाळ्यात मोहगाव कलानला नेशील?"

"नेईन," मी म्हणालो. सुट्टीचा अर्ज मी गाडीतच टाकला आहे.