माझे पैसे कुठे आहेत?

स्टार्टअपमध्ये लिहिणाऱ्याचं काम जमून आलं की ते कुणाच्या नजरेतच भरत नाही. फंडिंग आटलं की कात्री मात्र आधी त्याच्यावर चालते. शब्द काय, कुणीही लिहील! मी पेमेंट ॲपचा मराठी मजकूर लिहिते. ‘शब्द कुणीही लिहील’ ही समजूत वाद घालून जात नाही, आकडा दाखवूनच जाते.

यूपीआयचा व्यवहार मध्येच अडकतो तेव्हाचा स्क्रीन घ्या. आमच्याकडे तिथे होतं, ‘व्यवहार अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.’ माणूस किराणा दुकानात उभा. बँकेचा मेसेज सांगतो पैसे गेले, दुकानदाराचा स्पीकर गप्प, आणि ॲप म्हणतं पुन्हा पाठवा. तो पाठवतो, पैसे दोनदा जातात. कस्टमर सपोर्टशेजारी बसून मी असे फोन ऐकते. प्रश्न एकच असतो: माझे पैसे कुठे आहेत?

उत्तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकात आहे. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेली रक्कम पोचली नाही तर फार तर दुसऱ्या दिवशी आपोआप परत यायला हवी. दुकानदाराच्या पेमेंटला पाच दिवस. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून मी लिहिलं, ‘पैसे तुमच्या खात्यातून गेले आहेत, दुकानदाराला मिळाल्याची खात्री अजून झालेली नाही. लगेच पुन्हा पाठवू नका.’ खाली परतीची शेवटची तारीख.

हे वाक्य दाखवायचं तर पिन चुकला, शिल्लक कमी पडली की बँकेचं उत्तरच आलं नाही, हे ॲपला वेगवेगळं कळायला हवं. आधी तिन्हींना एकच मेसेज होता. तो फोडायला डेव्हलपरला कोडमध्ये हात घालावा लागला. लेखकाची खरी किंमत मला इथे दिसते.

आता पुरावा. मजकूर बदलण्याआधी सपोर्टकडून जुना आकडा घ्यायचा: अडकलेल्या दर हजार व्यवहारांमागे फोन किती. नुसते फोन मोजू नयेत, ग्राहक वाढले की तेही वाढतात. मग काही ग्राहकांना जुना मजकूर, काहींना नवा, पण एकाच आठवड्यात. कारण सणासुदीत बँकांचे सर्व्हर दमतात आणि दोन आठवड्यांची तुलना फसवते.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेरेड स्पूल यांनी सांगितलेला किस्सा आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे: एका ऑनलाइन दुकानात ‘रजिस्टर’ऐवजी ‘कंटिन्यू’ बटण आलं, नोंदणीची सक्ती गेली आणि त्या दुकानाची विक्री पहिल्या वर्षी ३० कोटी डॉलरनी वाढली. मीटिंगमध्ये मी तो काढत नाही. फाउंडरला आपल्या ग्राहकाचा आकडा हवा असतो, आणि ते बरोबरच आहे.

सध्या ऑटोपेचा स्क्रीन हातात आहे. दरमहा पैसे कापायची परवानगी घेताना ती रद्द कुठे करायची हेही तिथेच लिहावं, असा माझा आग्रह आहे. त्याने परवानग्या घटू शकतील. तो आकडाही मोजून मीच टेबलावर ठेवणार आहे.