‘श्यामची आई’ : पुस्तकांतील व पडद्यावरील

एखाद्या लोकप्रिय ग्रंथावरून चित्रपट निघाला, कीं ‘मूळ ग्रंथ श्रेष्ठ कीं चित्रपट?’ असा वाद घरोघरीं सुरू होतो. ग्रंथ वाचलेले लोक चित्रपटांत काय काय गाळलें ह्याची यादी करीत बसतात, आणि चित्रपट पाहिलेले लोक आतां ग्रंथ वाचण्याचें प्रयोजन उरलें नाहीं असें समजतात. आमच्या वर्गांतही मागील सत्रांत ह्या विषयावर मोठें रणकंदन माजलें. त्यांत जय कोणाचा झाला हें सांगणें कठीण आहे. कारण बोलणाऱ्यांपैकीं निम्म्यांनीं पुस्तक वाचलें नव्हतें, व उरलेल्यांनीं चित्रपट पाहिला नव्हता! तेव्हां आधीं दोन्हींचा परिचय करून घ्यावा व मगच बोलावें, असें मीं ठरविलें. प्रस्तुत निबंध हें त्या निश्चयाचें फळ होय.

ज्या पुस्तकावरून हा वाद निघाला तें म्हणजे साने गुरुजींचें ‘श्यामची आई’. ह्यास कादंबरी म्हणावें कीं आत्मचरित्र म्हणावें, ह्याविषयीं मतभेद होऊं शकेल. कारण श्याम म्हणजे बव्हंशीं स्वतः गुरुजीच, आणि गोष्टींतील गांव म्हणजे त्यांचें कोंकणांतील पालगड. गुरुजींचा जन्म 1899 सालीं झाला. त्यांची आई 1917 सालीं निवर्तली, आणि हें पुस्तक त्यांनीं नाशिकच्या तुरुंगांत असतांना 1933 सालीं लिहिलें. आई जाऊन सोळा वर्षें लोटल्यावर, बंदिवासांत बसलेला मुलगा तिला आठवीत आहे, ही गोष्ट वाचकानें प्रथम ध्यानांत धरली पाहिजे. पुस्तकाची मांडणीही ह्यास साजेशीच आहे. आश्रमांतील सायंप्रार्थना आटोपली, म्हणजे मोठा झालेला श्याम आपल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. म्हणून ह्या पुस्तकांतील भागांना ‘प्रकरणें’ असें नांव नाहीं. त्या ‘रात्री’ आहेत, आणि त्या 42 आहेत.

ह्या पुस्तकावर आचार्य प्रल्हाद केशव अत्रे ह्यांनीं 1953 सालीं चित्रपट काढला. गुरुजी 1950 च्या जून महिन्यांत वारले होते. त्यामुळें आपली आई पडद्यावर पाहण्याचा योग त्यांना आला नाहीं. आईचें काम वनमाला ह्यांनीं केलें, व श्यामचें माधव वझे ह्यांनीं. पुढें 1954 सालीं राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकें प्रथमच देण्यांत आलीं, तेव्हां सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रपतींचें सुवर्णपदक ह्याच मराठी चित्रपटानें पटकाविलें. हा मान मिळण्यास तो सर्वस्वीं पात्र होता, असें आज इतक्या वर्षांनीं पाहतांनाही वाटतें.

चित्रपटानें काय दिलें तें आधीं सांगतें. गुरुजी व अत्रे हे दोघेही शिक्षक. परंतु एकाचा पिंड अश्रूंचा, तर दुसऱ्याचा हास्याचा. पुस्तक वाचतांना डोळे सारखे भरून येतात, आणि मधून मधून मन थकून जातें. अत्र्यांनीं हें ओळखलें. ‘छडी लागे छमछम’ हें त्यांचें गाणें ऐकतांना ज्याला आपली प्राथमिक शाळा आठवत नाहीं असा मनुष्य विरळा! ‘भरजरी गं पितांबर’ ह्या गाण्याला वसंत देसाई ह्यांचें संगीत आहे व आशा भोसले ह्यांचा स्वर आहे. बंधुप्रेमाचा जो पाठ पुस्तकांत कितीतरी ओळी घेतो, तो ह्या एका गाण्यानें लहान मुलाच्याही ओठांवर बसतो. शिवाय वनमालाबाईंचा चेहरा! एकाच क्षणीं राग आणि कळवळा त्या चेहऱ्यावर दिसतात. लेखकाला मात्र एक आधीं व दुसरा नंतर लिहावा लागतो. हें सामर्थ्य चित्रपटाचेंच होय, आणि तें नाकारणें म्हणजे केवळ दुराग्रह होईल.

आतां दोहोंतील मुख्य भेद कोठें आहे तें पाहूं. श्यामच्या पोहण्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. श्याम पाण्याला भिऊन घरांत लपतो, आणि आई शिंपटीनें झोडपीत त्याला विहिरीवर धाडते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणावें हें तिला सहन होत नाहीं. पडद्यावर हा प्रसंग पाहतांना आपण त्या मुलाकडे पाहतों. प्रत्येक फटक्यासरशीं आपलें अंग आक्रसतें, आणि ‘पुरे कर ग बाई!’ असें म्हणावेंसें वाटतें. पुस्तकांत तोच प्रसंग वाचतांना आपण त्या मुलाकडे पाहत नाहीं, तर सांगणाऱ्याचा आवाज ऐकतों. ज्याच्या पाठीवर ते वळ उठले तोच पुरुष आज कृतज्ञतेनें ते वळ आठवीत आहे, हें आपणांस पहिल्या फटक्यापासून ठाऊक असतें. मारही तोच, आई तीच. परंतु एका ठिकाणीं आपण घटना पाहतों, व दुसऱ्या ठिकाणीं त्या घटनेची आठवण ऐकतों.

दुसरें उदाहरण अळणी भाजीचें. स्वयंपाकांत आई मीठ घालण्यास विसरते. वडिलांना पहिल्याच घांसाला तें कळतें. पण राबलेल्या बाईच्या मनाला लागूं नये म्हणून ते चकार शब्द काढीत नाहींत, आणि त्यांचें पाहून मुलेंही गुपचूप जेवतात. सर्वांच्या मागून आई जेवावयास बसते, तेव्हां तिला समजतें आणि तिचा जीव हळहळतो. ह्या गोष्टींत काय घडलें? म्हटलें तर कांहींच नाहीं. कोणी रागावलें नाहीं, कोणी रडलें-ओरडलें नाहीं. जी गोष्ट बोलली गेली नाहीं तिचेंच हें सारें महत्त्व आहे. डोळ्यांना जिभेची चव कळत नाहीं, आणि गप्प बसलेल्या माणसाच्या मनांत काय चाललें आहे हें दाखविण्यास पडद्याला फार प्रयास पडतात. शब्द मात्र तेथें सहज जातात.

येथवरचा विचार कोणीही करूं शकेल. परंतु हा भेद मला खरोखर उमगला तो माझ्या आजीमुळें. आजी दुसरीपर्यंतच शिकली, आणि पुढें संसाराच्या रगाड्यांत अक्षरांची ओळखही पुसून गेली. दहा-बारा वर्षांची असतांना तिनें जत्रेंतील तंबूंत हा चित्रपट पाहिला होता. ‘श्यामची आई’ म्हणजे तिच्या लेखीं वनमालाबाई, आणि ती गोष्ट म्हणजे तो खेळ. मागील दिवाळीच्या सुटींत मीं तिला पुस्तक वाचून दाखविण्यास आरंभ केला. दिवेलागणीनंतर रोज एक ‘रात्र’ असा आमचा नेम होता. सुटी संपली तरी नेम चालूच राहिला. प्रारंभीं ती वरचेवर मला थांबवी. ‘हें सिनेमांत कोठें होतें ग?’ असें विचारी, आणि तिच्या मनांतील चित्राशीं ताडून पाही. पुढें पुढें तिचें विचारणें बंद झालें. ती नुसती ऐकूं लागली.

शेवटच्या कांहीं रात्रीं आल्या. दूर शिकावयास राहिलेला श्याम आईच्या ओढीनें घरीं येतो, परंतु तो येण्यापूर्वींच आई गेलेली असते. तो भाग वाचून मीं मान वर केली, तों आजी पदरानें डोळे टिपीत होती. मग तिनें मला एक गोष्ट सांगितली, जी माझ्या आईलाही ठाऊक नव्हती. आजीचें माहेर नदीपलीकडे. तिची आई गेली तेव्हां श्रावण होता, नदीला पूर होता, आणि नाव बंद होती. ती तिसऱ्या दिवशीं पोहोंचली, तों घरांत कोपऱ्यांत एक पणती तेवढी तेवत होती. हें सांगून ती म्हणाली, “सिनेमा पाहिला तेव्हां मी त्या आईसाठीं रडलें होतें. आज त्या मुलासाठीं रडलें.”

तिच्या ह्या दोन वाक्यांत आमच्या वर्गांतील साऱ्या वादाचें उत्तर आहे, असें मला वाटतें. तथापि न्यायाच्या दृष्टीनें एवढें म्हटलें पाहिजे, कीं हा फरक केवळ पुस्तकानें केला असें नाहीं. दहा वर्षांच्या मुलीला घरीं परतल्यावर तिची आई भेटणार होती. ऐंशी ओलांडलेल्या आजीला ती कोठें भेटणार? वयानेंही तिला वाचावयास, म्हणजे ऐकावयास, शिकविलें. परंतु ज्या दुःखाला तिच्या वयानें जागा करून ठेविली होती, त्याला वाचा फोडली ती पुस्तकानें. चित्रपटानें तिला एक आई दाखविली. पुस्तकानें तिला एक सोबती दिला, जो स्वतःही वेळेवर पोहोंचूं शकला नव्हता.

पुस्तक निर्दोष आहे असें माझें म्हणणें नाहीं. श्याम गोष्ट सांगतां सांगतां उपदेश करूं लागतो, आणि उपदेश कधीं कधीं लांबतो. आमच्या वयाच्या मुलांना तेथें कंटाळा येतो, हें शिक्षकांनीं व पालकांनीं रागावूं नये इतकें खरें आहे. चित्रपटानें हा भार हलका केला, हें त्याचें यश. मात्र भार हलका करतांना सांगणारा माणूस मागें पडतो, हीच त्याची किंमत. पुढें 2023 सालीं सुजय डहाके ह्यांनीं ह्याच पुस्तकावर पुन्हां चित्रपट काढला, तोही कृष्णधवल. त्यांत ओम भूतकर ह्यांनीं साने गुरुजींची भूमिका केली आहे. सत्तर वर्षांनंतर दुसऱ्या दिग्दर्शकाला स्वतः गुरुजींनाच पडद्यावर आणावेंसें वाटलें, ह्यावरून ‘सांगणारा’ ह्या कथेंत किती आवश्यक आहे हें सहज समजेल.

सारांश, दोहोंत श्रेष्ठ कोण हा प्रश्नच मला आतां फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. अत्र्यांनीं अक्षरशत्रूंच्याही दारांत ही आई नेऊन पोहोंचविली, हा त्यांचा उपकार मोठा आहे. परंतु ज्यांस अक्षरें येतात त्यांनीं तेवढ्यावर थांबूं नये. विद्यार्थिमित्रांस माझी एकच विनंति आहे. चित्रपट अवश्य पाहा. पण पुस्तक एकट्यानें मनांत न वाचतां घरांत मोठ्यानें वाचा. तें मुळांत सांगण्यासाठींच लिहिलेलें आहे, आणि त्याची एक ‘रात्र’ वाचावयास फार वेळ लागत नाहीं. ऐकणाऱ्यांपैकीं कोणाच्या मनांत कोणती गोष्ट कित्येक वर्षें न सांगितलेली राहिली आहे, हें वाचणाऱ्याला आधीं कधींच ठाऊक नसतें.