चुआ

हनोईत पहिल्या दोन दिवसांत चार जणांनी माझं वय विचारलं. मी वैतागले. ३४ वर्षांची, लग्न न केलेली, एकटी फिरणारी बाई म्हणजे काय, यावरची सगळ्यांची मतं पुण्यात ऐकून झाली होती. इतकी लांब आले होते ती काही दिवस कुणाची कुणीच नसावं म्हणून.

मग होस्टेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीनं समजावलं. व्हिएतनामी भाषेत वयाचा अंदाज आल्याशिवाय वाक्यच नीट सुरू करता येत नाही. 'तू', 'तुम्ही'च्या जागी तिथं नाती वापरतात. मोठी बहीण 'ची', धाकटं भावंड 'एम', आईबाबांहून मोठी बाई 'बाक'. रिक्षावाल्याला दादा आपणही म्हणतोच, पण तिथं 'मी'सुद्धा समोरच्यावरून ठरतो. त्या मुलीशी बोलताना मी 'ची'. म्हाताऱ्या फळवालीशी बोलताना 'चाऊ', म्हणजे भाची. 'तोय' असा एक तटस्थ 'मी' आहे, पण रोजच्या बोलण्यात तो फार कोरडा वाटतो म्हणे. मला नेमका तोच हवा होता.

(रस्ता ओलांडण्याच्या थरारावर सगळेच लिहितात. पुण्याहून गेलेल्या माणसाला त्यात विशेष काही वाटत नाही. माझी खरी परीक्षा खाण्यात होती. उत्तरेकडच्या उच्चारात चहाला 'चा' म्हणतात आणि शाकाहारी जेवणाला जवळजवळ 'चाय'. एका 'य'वर माझं पोट अवलंबून!)

वयानंतर अर्थातच लग्न. पण तो प्रश्न संपतो 'चुआ' या शब्दावर, आणि होकार नसेल तर उत्तरही तेच: 'चुआ', अजून नाही. लग्न, मुलं अशा गोष्टींना थेट 'नाही' म्हणणं तिथं विचित्र वाटतं.

आमच्या घरी 'अजून नाही' हे आईचं वाक्य. फोनवर, आवाज खाली आणून, मावशीला सांगायचं. ते ऐकू नये म्हणून मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना ठणकावून 'नाही' सांगत आले. आणि इथं दिवसभर तोच शब्द माझ्या तोंडी. हालाँगचा उपसागर पाहिला? चुआ. फो खाल्लं? चुआ. कुणाचाच आवाज खाली जात नव्हता, माझाही.

सहाव्या दिवशी हुए शहराकडे जाणारी रात्रीची गाडी पकडली. सुमारे ७०० किलोमीटर. खालच्या बर्थवर आईपेक्षा मोठ्या एक बाई. त्यांनी विचारायच्या आधीच मी वय सांगून टाकलं, त्यांना 'बाक' म्हटलं, स्वतःला 'चाऊ'.

लग्न? चुआ.

जेवण? तोही प्रश्न 'चुआ'वरच संपतो. चुआ.

त्यांना काळजी वाटली ती दुसऱ्या उत्तराची. पिशवीतून पुडकं काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. मुगाची डाळ घातलेला चिकट भात होता, अजून कोमट. गाडी रुळालगतच्या घरांना जवळजवळ घासत शहराबाहेर निघाली होती.