'रूड' कोणाला म्हणावे?

दिवाळीच्या तोंडावर औशाच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढली, की आडत दुकानात क्षणाची उसंत नसते. अशाच एका दुपारी एक वयस्कर शेतकरी हातात पट्टी घेऊन गादीसमोर उभा राहिला. हमाली-तोलाईपोटी किती रक्कम वजा झाली, एवढेच त्याला विचारायचे होते. गादीवरच्या आजोबांनी वहीतून मान वर न काढता सुनावले, "थांब की जरा! काम चाललंय, दिसंना का?" शेतकरी थांबला. थोड्या वेळाने पैसे मोजून घेऊन, काहीही न विचारता निघून गेला.

पुण्यात शिकणारी नात सुटीसाठी घरी आली होती. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला सारे बसले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आजोबा, दुपारी तुम्ही फार रूड वागलात."

आजोबा चमकले. "मी शिवी दिली का? पैसा कमी दिला का?"

"नाही. म्हणूनच दुसरा शब्द सुचला नाही."

दुसरा शब्द खरोखर सहज सुचत नाही. मराठीत 'उद्धट' आहे. संस्कृतातील 'उद्धत' म्हणजे वर उचललेला, त्यावरून तो आला. पण उद्धट म्हणायचे ते बहुधा मोठ्यांसमोर मान वर करणाऱ्या लहानाला. 1948 पर्यंत औसा निजामाच्या राज्यात होते, कचेरीची भाषा उर्दू होती. तिथून आलेला 'बेअदब' हा शब्दही खालच्याने वरच्याचा मान राखला नाही, की वापरला जाई. वरचा खालच्यावर खेकसला तर त्याला आपण 'कडक', 'शिस्तीचा' किंवा 'तोंडाने फटकळ, पण मनाने चांगला' म्हणून मोकळे होतो. इंग्रजी 'रूड' मात्र वय, गादी पाहत नाही. समोरच्याची कदर न ठेवणारा कोणीही रूड ठरतो, मग तो आजोबा का असेना.

या शब्दाचे मूळ लॅटिन 'रुडिस'मध्ये आहे. त्याचा अर्थ कच्चा, न घडवलेला. म्हणूनच जुन्या इंग्रजीत ओबडधोबड झोपडीलाही 'रूड' म्हणत. विद्वानासाठीचा 'एरुडाइट' हा शब्दही याच मुळातून निघाला. ज्याचा ओबडधोबडपणा निघून गेला, तो एरुडाइट. म्हणजे रूडपणा हा जन्माचा डाग नव्हे; घडवायचे राहून गेलेले ते काम आहे. दशधर्मांत क्षमेनंतर लगेच 'मार्दव' येते, ते मृदुता शिकवण्यासाठीच.

अर्थात, हा शब्द सैलपणे वापरणेही बरे नाही. उधारी देता येत नसेल तर "जमणार नाही" असे स्पष्ट सांगणे रूड नव्हे. मालात ओल आहे हे सांगणेही रूड नव्हे. उलट गोड हसून एखाद्याला तासभर ताटकळत ठेवणे, किंवा समोरचा बोलत असताना मोबाइल चाळत बसणे हे एकही कठोर शब्द न उच्चारता रूड असते. हे आजोबांनी नातीला ऐकवले, तेव्हा तिने मांडीवरचा फोन मुकाट्याने बाजूला ठेवला.

त्या रात्री आजोबांना झोप लागली नाही. भाषासमितीवरची प्रवचने त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. दोनच महिन्यांपूर्वी पर्युषणानंतर त्यांनी नातलगांना, व्यापाऱ्यांना, परगावच्या पेढ्यांना क्षमापनेचे संदेश पाठवले होते. त्या यादीत एकही शेतकरी नव्हता, एकही हमाल नव्हता. ज्यांना रोज शब्द लागत होते, त्यांचीच क्षमा मागायची राहिली होती.

पंधरा दिवसांनी तोच शेतकरी पुन्हा माल घेऊन आला. आजोबा गादीवरून उठले. "या, बसा. त्या दिवशी मी नीट बोललो नाही, माफ करा. तुम्ही काय विचारत होता?"

शेतकऱ्याने खिशातून जुनी पट्टी काढली. घडी घालून त्याने ती जपून ठेवली होती. तपासले, तर तोलाई एका पोत्याची जास्त लागली होती. रक्कम क्षुल्लक होती. ती तिथेच परत केली गेली. चूक मुनिमाची होती, पण ती पंधरा दिवस झाकून राहिली ती आजोबांच्या एका वाक्यामुळे. तेवढे दिवस पेढीचा प्रामाणिकपणा त्या शेतकऱ्याच्या खिशात संशय होऊन पडला होता.