गोठणगावचा गालिचा

मे महिन्यात गोंदियाचा पारा पंचेचाळिशीकडे सरकला की याच्याकडे बघवत नाही. अंगभर लोकर आणि पाठीवर बर्फातला सिंह. धानाच्या मुलखात असा नटून बसणारा हा एकटाच. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड-गोठणगावजवळ 1972 मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली, त्या बिऱ्हाडातला हा. आसपासचे लोक तिला 'कॅम्प' म्हणतात. तिबेटी मंडळींच्या तोंडी मात्र अजून 'भंडारा'च. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, हे त्यांनी फारसं मनावर घेतलेलं नाही.

उभा लाकडी माग, सुती ताणा, समोर मांडी घालून बसलेली बाई. इराणी किंवा काश्मिरी गालिच्यात धाग्याची एकेक गाठ मारून तोडतात. हा वेगळ्या घराण्याचा. ताण्यावर आडवी लोखंडी सळई धरायची, लोकरीचा धागा ताण्याला वळसा घालून सळईवरून घ्यायचा, पुन्हा वळसा, पुन्हा सळई. ओळ भरली की बाणा घालून ठोकायची. मग सळईवरून सुरी फिरते, फासे उघडतात आणि सळई सुटून हातात येते. इतका वेळ नुसती गुंडाळलेली दोरी वाटणारी ती ओळ एकदम मऊ लव होऊन उभी राहते. शेवटी कातर. कमळाच्या किंवा ड्रॅगनच्या कडेने बारीक चर कापला की नक्षी वर येते.

खानदानात वाघही आहे. तिबेटात प्रतिष्ठितांच्या बैठकीला वाघाच्या पट्ट्यांचे गालिचे असत. ज्यांनी वाघ क्वचितच पाहिला त्यांनी विणलेला वाघ, त्यामुळे जरा मांजरासारखा, लाडात आलेला. आता नवेगाव-नागझिऱ्याचा खराखुरा वाघ शेजारी आहे. तरी नमुना बदलला पाहिजे असं मला वाटत नाही.

याची खरी कर्तबगारी मात्र कमाईची. 1959 पासून तिबेटातली माणसं हिमालय उतरून आली. अनेकांच्या वाट्याला रस्ते बांधायचं काम आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात दार्जिलिंगला स्वसाहाय्य केंद्र उघडलं. माग, म्हाताऱ्यांचा आसरा आणि पोरक्या मुलांचा सांभाळ एकाच आवारात. पाठोपाठ नेपाळात जावलाखेलला स्विस मदतीने माग लागले. गिऱ्हाईक युरोपातलं, थंडीचं, लोकरीची कदर असलेलं. निर्वासित बाईला कुणी दूरदेशीचा माणूस मदत करू बघतो तेव्हा दोघांच्या मधे हा जाऊन पसरतो. तो म्हणतो, वस्तू घेतली. ती म्हणते, मजुरी मिळाली. उपकाराची भाषा कुणालाच करावी लागत नाही.

गालिच्यांची एकूण जात मात्र धुतल्या तांदळासारखी नाही. भारत-नेपाळच्या मागांवर लहान मुलांची बोटं राबली, बोभाटा झाला. बालमजुरीविरोधी कार्यकर्ते कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने 1994 मध्ये 'रगमार्क' ही बालमजुरीमुक्त मालाची खूण आली. तीच आजची 'गुडवीव्ह'. बायकापोरांच्या भल्यासाठी म्हणून विकला जाणारा माल कुणाच्या पोराने विणला, हे विचारायला लाजू नये.

अलीकडे तिबेटी घरात या गालिच्याचा मान कमी झालाय. कमावता आता स्वेटर. तोही तिबेटी नव्हे, लुधियानाचा, मशिनीवरचा. थंडीच्या तोंडावर तिबेटी कुटुंबं उधारीवर माल उचलतात, शहराशहरांतून दुकानं मांडतात आणि हंगाम संपला की हिशेब चुकता करतात. मागासमोर बसून कंबर मोडते, पैसा हळूहळू येतो. शिकलेल्या पोरींनी पाठ फिरवली तर त्यांना काय बोलणार?

त्याचे वैरी ठरलेले आहेत, कसर आणि आपला पावसाळा. अधूनमधून झटकला, वाऱ्यावर टाकला की भागतं. कडक उन्हात विसरला तर रंग उडतो. आणि घ्यायला गेलात तर मऊपणावर भाळू नका, आधी उलटा करा. पाठीवरही तीच नक्षी दिसायला हवी. पाठीला कापड डकवलेलं असेल, तर तो या घराण्यातला नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.